कंचेभागुबेव संगणकाला किती कळतं? क्रियांचा क्रम आणि पूर्णांकांचा हिशोब

मोंढ्यात सोयाबीन विकलं. काट्यावर वजन भरलं १२६७ किलो आणि भाव लागला क्विंटलला ४३५० रुपये. ही पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) काढायचा छोटा प्रोग्रॅम सी किंवा जावामध्ये लिहायचा आहे. वजन आणि भाव दोन्ही पूर्णांक. पहिल्या वर्षाला बहुतेक जण असं लिहितात:

```
रक्कम = वजन / १०० * भाव
```

वहीत हे सूत्र बरोबर आहे. किलोचे क्विंटल केले आणि भावाने गुणलं, म्हणजे ५५,११४ रुपये ५० पैसे यायला हवेत. प्रोग्रॅम दाखवतो ५२,२००. फरक २,९१४ रुपये ५० पैशांचा, म्हणजे नेमका ६७ किलो सोयाबीनचा. १२६७ ला १०० ने भागल्यावर भागाकार १२ आला आणि ६७ ची बाकी तिथेच सांडली. पुढे १२ ला ४३५० ने गुणलं. आता नुसती जागा बदला:

```
रक्कम = वजन * भाव / १००
```

उत्तर ५५,११४. पैसे अजून गेलेलेच आहेत, पण ६७ किलो परत आले. चिन्हं तीच, आकडे तेच, तरी उत्तर वेगळं. कागदावरच्या गणितात गुणाकार-भागाकाराची जागा बदलली तर काही बिघडत नाही, पूर्णांकांच्या हिशोबात बिघडतं. म्हणून कुठलीही राशी (आकडे आणि चिन्हांची मांडणी) तपासताना प्रत्येक चिन्हाला दोन प्रश्न विचारायचे. तुझ्या डाव्या-उजव्या हाताला नेमकं कोण आहे? आणि ते दोघे कुठल्या जातीचे आकडे आहेत, पूर्णांक की दशांश? या लेखातली जवळजवळ प्रत्येक चूक यांपैकी एका प्रश्नात सापडते.

आधी छपाईबद्दल थोडं. इथे सगळे अंक आणि नावं देवनागरीत आहेत. मशीनवर राशी टाइप करताना अंक इंग्रजीच (1, 2, 3) लागतात. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (आकडा ठेवायच्या डब्याचं) नाव ‘वजन’ असं देवनागरीत चालतं, जावातही चालतं. पण कोडमध्ये थेट १२६७ असा देवनागरी आकडा लिहिला तर पायथन सिंटॅक्स एरर देतो. गंमत म्हणजे तोच आकडा अवतरणात, मजकूर म्हणून, ‘इंट’ फंक्शनला दिला तर तो मुकाट्याने वाचतो. आणखी एक: हजार-लाखाचे स्वल्पविराम कोडमध्ये टाकू नका. पायथनमध्ये १,००,००० लिहिलं तर एक लाख होत नाही, तीन वेगळे आकडे धरण्याचा प्रयत्न होतो आणि शेवटच्या ००० ला शून्याच्या पलीकडे काही अर्थ उरत नाही. वाचायला सोपं हवं असेल तर १_००_००० असं अधोरेषेने तोडता येतं.

कंचेभागुबेव कुठे फसवतं

शाळेतला मंत्र सगळ्यांना पाठ आहे: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यातला कंस शंभर टक्के लागू. बाकीच्यात तीन ठिकाणी घसरगुंडी आहे.

पहिली म्हणजे ‘भा’ आधी आणि ‘गु’ नंतर हा समज. प्रोग्रॅमिंगमध्ये गुणाकार, भागाकार आणि बाकी काढणारं % हे चिन्ह तिघंही एकाच पायरीवर बसतात. एका पायरीवरच्यांत डावीकडून उजवीकडे जायचं, जो आधी भेटेल तो आधी. `६० * ५ / २` मध्ये आधी ३००, मग १५०. मंत्र शब्दशः पाळून आधी ५ / २ केलं तर पूर्णांकात २ उरेल आणि उत्तर १२० येईल. आता उलट बाजू: `१२० / २ * ३` लिहिणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा ‘१२० भागिले, खाली २ गुणिले ३’ असतं. वहीत भागाकाराची आडवी रेघ कंसाचं काम करते. तिरप्या रेघेत ती ताकद नाही. संगणक ६० ला ३ ने गुणून १८० देतो. २० हवे असतील तर `१२० / (२ * ३)`.

दुसरी, ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर. हे सगळ्यात महागात पडतं, कारण एररही येत नाही आणि उत्तरही ‘बरं दिसतं’. पट्टीतून २४० रुपये हमाली आणि ६० रुपये तोलाई कापायची आहे असं धरू.

```
हाती = रक्कम - हमाली + तोलाई
```

मंत्रावर विश्वास असलेल्याला वाटतं, आधी बेरीज होईल, ३०० होतील आणि मग वजा होतील. प्रत्यक्षात + आणि - एकाच पायरीवर आहेत. आधी ५५,११४ मधून २४० गेले आणि मग तोलाईचे ६० शेतकऱ्याच्याच पदरात पडले: ५४,९३४. खरा आकडा ५४,८१४. फरक १२० चा, म्हणजे तोलाईच्या दुप्पट. वजाबाकीनंतर बेरीज गेली की फरक नेहमी दुप्पट येतो. असा दुप्पट फरक दिसला की चूक इथेच शोधायची. लिहायचं असं: `रक्कम - (हमाली + तोलाई)`.

तिसरी, ‘चे’. शाळेत ‘१०० भागिले २० चे १/२’ म्हणजे आधी २० चे निम्मे १०, मग १०० भागिले १०, उत्तर १०. संगणकाला ‘चे’ ठाऊकच नाही. त्याच्या जागी गुणाकाराचं चिन्ह येतं आणि त्याला काही वेगळा मान नाही. `१०० / २० * १ / २` सरळ डावीकडून सुटतं: ५, ५, आणि शेवटी सीमध्ये २, पायथनमध्ये २.५. ‘चे’ जिथे असेल तिथे कंस घालणं हाच उपाय.

पायऱ्या, वरून खाली

नवशिक्याला लागणाऱ्या पायऱ्या फार नाहीत. सगळ्यात वर कंस. त्याखाली घात, ज्या भाषेत असेल त्या भाषेत. मग एकेरी उणे, म्हणजे -५ मधलं. मग * / % आणि पायथनचं //. मग + -. मग तुलना: < <= > >= == !=. त्याखाली ‘आणि’ (सी-जावात &&), त्याच्याही खाली ‘किंवा’ (||). तळाला = , म्हणून उजवीकडचं सगळं आटोपल्यावरच डावीकडच्या डब्यात उत्तर पडतं.

‘नाही’ मुद्दाम सोडला, कारण त्याची जागा भाषेगणिक बदलते. सी-जावात ! खूप वर, एकेरी उण्याच्या शेजारी आहे. सीमध्ये `!क == ५` म्हणजे आधी क चा नकार, मग त्याची ५ शी तुलना. पायथनचा शब्दरूपी नकार मात्र तुलनेच्या खाली आहे, तो आधी तुलना होऊ देतो. तोंडी परीक्षेत विचारतात.

घाताची गोष्टही भाषेवर आहे. पायथनमध्ये ** हा घात. `-२ ** २` चं उत्तर ४ नाही, -४ आहे, कारण घात उण्याच्या वर. तेच एक्सेलमध्ये `=-२^२` लिहिलं तर ४ येतात; तिथे एकेरी उणे वर आहे. जावास्क्रिप्ट तर अशी राशी घेतच नाही, कंस घाला म्हणतो. पायथनमध्ये घात उजवीकडून सुटतो, म्हणून `२ ** ३ ** २` म्हणजे २ चा ९ वा घात, ५१२. एक्सेल डावीकडून सोडवतो आणि ६४ देतो. सी आणि जावात घाताचं चिन्हच नाही. ^ आहे, पण ते बिटांचं (आकड्याच्या ०-१ रूपातल्या अंकांचं) एक्स-ऑर आहे, घात नव्हे. `१० ^ २` लिहा, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) कुरकुर करणार नाही आणि उत्तर येईल ८. वर्ग काढायला `क * क` लिहावं.

लांब प्राधान्य-तक्ता पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. सीच्या तक्त्यात पंधराएक पायऱ्या आहेत आणि अनुभवी माणूसही + - च्या खालच्या भागात सरळ कंस घालतो. त्यात एक जागा खरोखर वाईट आहे: सीमध्ये बिटांचा & तुलनेच्याही खाली आहे. सम संख्या ओळखायला `क & १ == ०` लिहिलं तर आधी `१ == ०` सुटतं, ते खोटं म्हणजे ०, आणि क & ० नेहमीच ०. अट कधीच खरी होत नाही. पायथनमध्ये हीच ओळ बरोबर चालते, त्यामुळे पायथनकडून सीकडे येणारा हमखास फसतो.

पायरी आणि वेळ यांतला फरकही लक्षात ठेवा. पायरी सांगते कोणता आकडा कोणत्या चिन्हाचा. आधी कुठला भाग मोजला जाईल हे सगळ्या भाषा सांगत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकांत `i++ + ++i` छापाचे प्रश्न असतात (तिथे व्हेरिएबल म्हणून ‘आय’ असतो). जावात ‘आय’ ५ असेल तर याचं उत्तर ठरलेलं आहे, ५ अधिक ७ म्हणजे १२. सीमध्ये या राशीला अर्थच ठरवून दिलेला नाही. दोन कंपायलर दोन उत्तरं देऊ शकतात आणि दोघेही निर्दोष. असा प्रश्न पेपरात आला तर परीक्षकाला हवं ते लिहा, प्रोग्रॅममध्ये मात्र लिहू नका.

पूर्णांक भागिले पूर्णांक

दहावीचं टक्क्यांचं गणित घ्या. ५०० पैकी ४३९ गुण.

```
टक्के = गुण / ५०० * १००
```

सी-जावात उत्तर ०. वर्गातल्या प्रत्येकाला शून्य टक्के, फक्त पैकीच्या पैकी ५०० मिळवणाऱ्याला १००. ४३९ भागिले ५०० चा पूर्णांक भागाकार शून्य असतो आणि शून्याला कशानेही गुणा.

इथे नवशिका पहिला उपाय करतो तो ‘टक्के’ या व्हेरिएबलचा टाइप डबल (दशांश ठेवणारा) करण्याचा. उत्तर ०.० येतं. पोतं मोठं आणलं म्हणून माल वाढत नाही. भागाकार होताना दोन्ही बाजूंना पूर्णांकच होते, उत्तर कुठल्या डब्यात जाणार हे त्या भागाकाराला माहीत नसतं. शेवटी १०० च्या जागी १००.० लिहिलं तरी ०.० च, कारण दशांश आला तोवर भागाकार होऊन गेलेला.

काम करणारे उपाय असे. पूर्ण टक्के पुरत असतील तर आधी गुणा, मग भागा: `गुण * १०० / ५००` म्हणजे ४३९०० / ५०० म्हणजे ८७. दशांश हवे असतील तर भागाकाराच्या आधी दशांश येऊ द्या: `गुण * १००.० / ५००`, उत्तर ८७.८. किंवा टाइप बदला, पण कंस कुठे आहे ते पाहून. `(डबल) गुण / ५०० * १००` चालतं, कारण टाइप बदलणारा कंस भागाकाराच्या वरच्या पायरीवर आहे आणि तो फक्त ‘गुण’ला लागतो. `(डबल) (गुण / ५००) * १००` चालत नाही; सांडलेलं दूध नव्या भांड्यात.

८७.८ चे ८८ हवेत, ८७ नकोत? पूर्णांक भागाकार जवळच्या आकड्याकडे जात नाही, तो अपूर्णांक छाटतो. भाजकाचा निम्मा आधी मिळवा: `(गुण * १०० + २५०) / ५००` म्हणजे ४४१५० / ५००, उत्तर ८८. गुण धन असतील तोवर ही युक्ती पक्की.

परभणीच्या उन्हाळ्यातलं तापमान फॅरनहाइटवरून सेल्सियसमध्ये करतानाही हेच होतं. `५ / ९ * (१०८ - ३२)` सीमध्ये शून्य, मग बाहेर कितीही ऊन असो. `(१०८ - ३२) * ५ / ९` म्हणजे ३८० / ९, उत्तर ४२.

पायथन ३ मध्ये / नेहमी दशांशातच उत्तर देतं, ८ / २ सुद्धा ४.०. पूर्णांक भागाकारासाठी // वेगळं आहे. पायथन २ मध्ये तसं नव्हतं, तिथे ७ / २ म्हणजे ३ यायचे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी जुन्या नोट्स फिरत असतात. नोट्समध्ये छापाईचा आदेश कंसाशिवाय लिहिलेला दिसला तर त्या पायथन २ च्या, आणि त्यातली भागाकाराची उत्तरंही जुनी. जावास्क्रिप्टमध्ये ७ / २ म्हणजे ३.५.

सरासरीत दोन्ही रोग एकत्र येतात. तीन महसूल मंडळांचा पाऊस ४२, ३७ आणि ५० मिमी. `४२ + ३७ + ५० / ३` हे सीमध्ये ९५ देतं, कारण ३ ने फक्त ५० भागले गेले. मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका कंसाअभावी साध्या पावसाचं गाव अतिवृष्टीत जातं. `(४२ + ३७ + ५०) / ३` म्हणजे ४३.

बाकी: टाकाऊ नव्हे, कामाची

भागाकारात सांडलेलं % हे चिन्ह वेचून देतं. जमिनीचा हिशोब यासाठी उत्तम, कारण ४० गुंठ्यांचा एकर सगळ्यांना ठाऊक आहे. १७३ गुंठे म्हणजे किती?

```
एकर  = १७३ / ४०
गुंठे = १७३ % ४०
```

४ एकर १३ गुंठे. ताळा असा: `एकर * ४० + गुंठे` पुन्हा १७३ आलेच पाहिजेत. भागाकार आणि बाकी बरोबर असतील तर हा ताळा प्रत्येक भाषेत जुळतो.

आता चौरस फुटांतून. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट; एकर ४३,५६० चौरस फूट. १,९०,००० चौरस फुटांतून पूर्ण एकर काढल्यावर उरलेले गुंठे:

```
१९०००० % ४३५६० / १०८९
```

% आणि / एकाच पायरीवर, म्हणून डावीकडून: बाकी १५,७६०, तिला १०८९ ने भागून १४. ४ एकर १४ गुंठे, वर ५१४ चौरस फूट. इथे ‘स्पष्टतेसाठी’ कंस चुकीच्या जागी घातला, `१९०००० % (४३५६० / १०८९)`, तर ते होतं १,९०,००० % ४० आणि उत्तर ०. कंस घाला म्हणजे कुठेही घाला असं नाही.

तारीख फोडायलाही हीच जोडी. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तारीख एका आकड्यात १७०९१९४८ अशी ठेवली, तर `/ १००००००` ने दिवस १७, `/ १०००० % १००` ने महिना ९, `% १००००` ने वर्ष १९४८. दिवस एकअंकी असेल तर पुढे शून्य लावायचा मोह टाळा. सीमध्ये शून्याने सुरू होणारा पूर्णांक आठच्या पायाचा धरला जातो: ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ. ०९ तर एररच. पायथन ३ असा आकडा घेतच नाही.

उणे संख्या आली की

नांदेडला बस पहाटे ३ वाजता पोहोचते, प्रवास ५ तासांचा. निघाली किती वाजता?

```
(३ - ५) % २४
```

पायथन म्हणतो २२, म्हणजे रात्री १०. बरोबर. सी आणि जावा म्हणतात -२. दोघांचं गणित आपापल्या जागी नीट आहे. सी आणि जावा भागाकार शून्याच्या दिशेने छाटतात: -७ / २ म्हणजे -३, म्हणून बाकी -१. पायथन खालच्या पूर्णांकाकडे जातो: -७ // २ म्हणजे -४, म्हणून बाकी १. वरचा ताळा लावून पाहा, दोन्हीकडे -७ च येतात. सीमध्ये हा नियम १९९९ च्या प्रमाणापासून पक्का झाला. त्याआधी तो कंपायलरच्या मर्जीवर होता.

सी-जावात घड्याळ मागे फिरवायचं तर `((३ - ५) % २४ + २४) % २४`. आठवडी बाजाराचा वार काढताना २४ च्या जागी ७. आणि आतला कंस विसरलात तर `३ - ५ % २४` मध्ये आधी ५ % २४ सुटून ५ राहतात आणि पायथनसुद्धा -२ देतो.

याच कारणाने विषम संख्या ओळखायला `क % २ == १` लिहू नये. सी-जावात -७ साठी बाकी -१ येते आणि अट खोटी ठरते. `क % २ != ०` सगळीकडे चालतं.

आकडा मावत नाही तेव्हा

‘आधी गुणा, मग भागा’ याची किंमत असते, मधला आकडा फुगतो. सी-जावातला नेहमीचा पूर्णांक ३२ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. दोनशे चौदा कोटी खूप वाटतात, पण पाण्याच्या हिशोबात ते चुटकीसरशी संपतात.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दोन टीएमसी या पूर्णांकात मावतं, तीन मावत नाही. पैठणच्या जायकवाडीची साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे, म्हणजे नाथसागर घनफुटांत मोजायला हा डबा कामाचाच नाही. समजा धरणातून ३०,००० क्युसेकने, म्हणजे सेकंदाला ३०,००० घनफूट, दिवसभर विसर्ग चालू आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००.

```
पाणी = ३०००० * ८६४००
```

खरं उत्तर २,५९,२०,००,००० घनफूट. जावा दाखवतो -१,७०,२९,६७,२९६. आकडा वरच्या टोकाला आदळून खालच्या टोकाकडून परत आला. त्यात बरोबर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ मिळवा, खरं उत्तर मिळेल. सीमध्ये चिन्हांकित पूर्णांक असा ओसंडला तर काय होईल याची हमीच नाही, उणे आकडा येणं हे त्यातल्या त्यात सुदैव.

‘पाणी’चा टाइप लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) केला तरी जावात उत्तर तेच उणे. टक्क्यांतली चूकच वेगळ्या कपड्यात: गुणाकार दोन साध्या पूर्णांकांत आधीच उरकला. निदान एका आकड्याच्या शेवटी मोठं एल अक्षर लावा, म्हणजे गुणाकारच ६४ बिटांत होतो. लहान एल लावू नका, ते इंग्रजी एकच्या आकड्यासारखं दिसतं. जावात ओसंडल्याबरोबर एरर हवी असेल तर जावा ८ पासून मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट आहे.

टर्बो सीसारख्या जुन्या कंपायलरवर प्रॅक्टिकल करणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथला पूर्णांक १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. वरचं `४३९ * १०० / ५००` तिथे -४३ देतं: ४३,९०० मावले नाहीत, -२१,६३६ झाले, त्यांना ५०० ने भागलं. प्रोग्रॅम घरच्या मशीनवर बरोबर आणि लॅबमध्ये चूक, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

पायथनचा पूर्णांक मेमरी पुरेल तितका वाढतो, तिथे ही भीती नाही. पण मोठ्या आकड्यांना / लावून मग ‘इंट’ करू नका. / दशांशातून जातं आणि दशांशात २ च्या ५३ व्या घातापलीकडचे सगळे पूर्णांक नेमके बसत नाहीत: `९००७१९९२५४७४०९९३ / १` करून पाहा, शेवटचा ३ चा २ होतो. // वापरलं की आकडा शाबूत राहतो. जावास्क्रिप्टमध्ये साधे आकडे मुळातच दशांश असल्याने ही मर्यादा बेरजेलाही आहे.

पैशांसाठी दशांशाकडे पळणं हाही उपाय नाही. `४.३५ * १००` चं उत्तर पायथनमध्ये ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, ‘इंट’ केलं की ४३४. हिशोब पैशांत, पूर्णांकात ठेवा. पट्टीच्या बाबतीत तर ते आयतंच आहे: किलो गुणिले क्विंटलचा भाव हा गुणाकार म्हणजेच पैसे. १२६७ * ४३५० म्हणजे ५५,११,४५० पैसे. `/ १००` ने ५५,११४ रुपये, `% १००` ने ५० पैसे, काही सांडत नाही. फक्त ३२ बिटांत पैसे ठेवले तर २ कोटी १४ लाख रुपयांच्या पुढे तो डबा भरतो. एका शेतकऱ्याच्या पट्टीला पुरतो, आडत्याच्या वर्षाच्या उलाढालीला लाँगच घ्या.

अटींमधली गाठ

```
गुण >= ६० && जिल्हा == १ || जिल्हा == २
```

१ म्हणजे जालना, २ म्हणजे परभणी असं धरलं, तर ही अट परभणीच्या प्रत्येकाला पास करते, गुण कितीही असोत. ‘आणि’ वरच्या पायरीवर असल्याने गुणांची अट फक्त जालन्याला चिकटली. `गुण >= ६० && (जिल्हा == १ || जिल्हा == २)` असं हवं.

पायथनमध्ये दुसरा सापळा: `जिल्हा == "लातूर" किंवा "बीड"` अशा अर्थाची ओळ. मराठीत वाक्य बिनचूक आहे. संगणक वाचतो: जिल्हा लातूर आहे का, किंवा ‘बीड’. नुसता ‘बीड’ हा रिकामा नसलेला मजकूर म्हणजे खराच, त्यामुळे हिंगोलीचा माणूसही आत. तुलना दोनदा पूर्ण लिहा.

`१८ <= वय <= ६०` पायथनला कळतं. जावा कंपाइल करत नाही. सी कंपाइल करतो आणि फसवतो: डावी तुलना ० किंवा १ देते आणि दोन्ही ६० पेक्षा लहानच.

जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये मजकुराला जोडलेलं + सुद्धा डावीकडूनच चालतं. `"एकूण: " + ५ + ३` छापतं ‘एकूण: ५३’. बेरजेला कंस द्या.

उत्तर चुकलं तर शोधायचं कसं

राशी वहीत उतरवा. सगळ्यात वरच्या पायरीचं चिन्ह शोधून त्याच्या दोन बाजूंना पेन्सिलने कंस घाला, मग पुढचं, डावीकडून. पूर्ण कंसात बसली की प्रत्येक कंसाखाली दोन गोष्टी लिहा: उत्तराचा आकडा आणि ‘पू’ किंवा ‘द’. पू-पू मिळून पू, एक जरी द असेल तर द. पहिल्या राशीचं असं होतं: `((वजन / १००) * भाव)`, आतल्या कंसाखाली ‘१२, पू’. ६७ किलो कुठे गेले ते तिथेच दिसतं. प्रोग्रॅममध्येही तेच करा. लांब राशी एका ओळीत न ठेवता दोन-तीन व्हेरिएबलमध्ये तोडा आणि प्रत्येकाची किंमत छापून पाहा.

शेवटी तपासणीचे आकडे. हे कट्ट्यांच्या उदाहरणावर करून बघा: ६० किलोच्या कट्ट्यात माल भरायला किती कट्टे लागतील? `वजन / ६०` अपुरं आहे, १२६७ किलोला ते २१ म्हणतं आणि ७ किलो उघड्यावर. वर चढवून भागायचं तर भाजकाहून एक कमी आधी मिळवायचा:

```
कट्टे = (वजन + ५९) / ६०
```

१२६७ ला २२. पायथनमध्ये / च्या जागी // . कंस विसरला तर `५९ / ६०` शून्य होऊन १२६७ किलोला १२६७ कट्टे लागतात. नुसता १२६७ टाकून प्रोग्रॅम बरोबर म्हणू नका. ०, १, ५९, ६०, ६१ टाका. उत्तरं ०, १, १, १, २ यायला हवीत. ६० ला २ आले तर ५९ ऐवजी ६० मिळवले आहेत. ५९ ला ० आले तर काही मिळवलंच नाही. मग एक अवाढव्य वजन टाका, ओसंडतं का ते पाहायला, आणि एक उणे. -५ किलोला हे सूत्र शांतपणे ० कट्टे सांगतं. ते वजन राशीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायला हवं.